फासा आणि परवाना : जबलपूर परिसरातील लाव्यांच्या पारधीचा इतिहास

१

शिकारीसाठी मराठीत दोन शब्द रूढ आहेत. 'शिकार' हा फारसीतून आलेला, तर 'पारध' हा देशी परंपरेतला. व्युत्पत्तिकारांनी या दुसऱ्या शब्दाचा संबंध संस्कृतातील 'पापर्द्धि' या शब्दाशी जोडला आहे. म्हणजे त्या शब्दाच्या पोटातच पापाची वाढ सुचवलेली आहे. व्यवहारात दोन्ही शब्द समानार्थी असले, तरी त्यांच्यापासून बनलेली माणसांची नावे मात्र समान राहिली नाहीत. 'शिकारी' म्हटले की बंदूक, तंबू, घोडा आणि उतारवयात लिहिलेले आठवणींचे पुस्तक डोळ्यांपुढे येते. 'पारधी' म्हटले की फासा, पाल, भटकंती आणि पोलिसांच्या वहीतील हजेरी. एकाच माळावर एकाच पक्ष्यामागे गेलेल्या या दोघांपैकी एकाच्या वाट्याला वाङ्मय आले आणि दुसऱ्याच्या वाट्याला दप्तर. हे कसे घडले, याचा शोध जबलपूरच्या परिसरापुरता आणि लावा या लहानशा पक्ष्यापुरता घेण्याचा येथे विचार आहे.

लाव्याची निवड हेतुपूर्वक आहे. वाघाच्या शिकारीचा इतिहास राजेरजवाड्यांचा आणि साहेबांचा आहे, आणि तो भरपूर लिहिला गेला आहे. लावा मात्र घनदाट अरण्यात राहत नाही. पडीक रान, गवताळ माळ, कापणी झालेले शेत आणि झुडपांचे बांध ही त्याची वस्ती. ही जमीन कुणाची, हा प्रश्न जिथे सर्वांत गुंतागुंतीचा होता, तिथेच हा पक्षी सापडत असे. त्यामुळे लाव्याच्या पारधीचा इतिहास हा ओघानेच सामाईक जमिनीचा आणि तिच्यावरील अलिखित हक्काचा इतिहास ठरतो.

२

जबलपूरच्या आसपासचा नर्मदाखोऱ्याचा सपाट प्रदेश 'हवेली' या नावाने ओळखला जातो. तेथील काळ्या जमिनीत शेतीची एक विशिष्ट पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. शेताभोवती उंच बांध घालून पावसाचे पाणी तेथेच कोंडून ठेवायचे, आश्विन-कार्तिकात ते सोडून द्यायचे आणि वाफशावर गहू, हरभरा, मसूर पेरायचा. पावसाळाभर जमीन पाण्याखाली, हिवाळाभर पिकाखाली आणि उन्हाळ्यात मोकळी, असे हे वर्षाचे चक्र होते. खोऱ्याच्या दोन्ही अंगांना विंध्य आणि सातपुड्याच्या उतारांवर खुरटी झुडपे, मुरमाड टेकाडे आणि गवती रान होते.

या दोन प्रकारच्या भूमींवर लाव्यांच्या वेगवेगळ्या जाती राहत. ज्याला हिंदीत बटेर म्हणतात तो मोठा लावा हिवाळी पाहुणा. मध्य आशियाच्या बाजूने तो सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरतो आणि रब्बीची कापणी आटोपली की परत फिरतो. शेतातले पाणी सोडण्याचा आणि त्याच्या आगमनाचा काळ जवळजवळ एकच असल्याने हरभऱ्याची व गव्हाची शेते ही त्याची हक्काची उतरण्याची जागा होती. त्याचाच भाईबंद असलेला पावसाळी लावा येथेच राहतो आणि पावसाच्या सुमारास अंडी घालतो. टेकाडांवरच्या झुडपांत राहणारे लहान लावे मात्र थव्याने वावरतात. रात्री ते शेपट्या आत आणि तोंडे बाहेर अशा वर्तुळात एकमेकांना चिकटून बसतात आणि धोका जाणवताच एकाच क्षणी दाही दिशांना उडून जातात. पक्ष्याच्या या सवयींतच त्याला पकडण्याच्या सर्व रीतींचे मूळ आहे. शंभर ग्रॅमच्या आसपास वजनाचा, उडण्यापेक्षा पळणे पसंत करणारा हा पक्षी बंदुकीपेक्षा फाशाला अधिक सोयीचा होता.

फासा लावणाऱ्यांविषयी सर्वांत विस्तृत लेखी माहिती मिळते ती रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील चार खंडांच्या ग्रंथात. तो १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. यातले रायबहादूर हिरालाल हे या भूमीचेच पुत्र. १८६७ मध्ये त्यांचा जन्म तेव्हाच्या जबलपूर जिल्ह्यातील मुडवारा, म्हणजे आजच्या कटनी येथे झाला. या ग्रंथाने पारधी, बहेलिया, मीरशिकार, टाकणकार अशी या समाजाची नानाविध नावे नोंदवली आहेत. एक भेद त्यात विशेष महत्त्वाचा आहे. 'शिकारी' हे नाव प्रामुख्याने बंदूक वापरणाऱ्यांना लावले जाते आणि बहुसंख्य पारधी बंदूक वापरायला नकार देतात, अशी नोंद हे ग्रंथकार करतात. म्हणजे आरंभी सांगितलेला शब्दभेद केवळ भाषेतला नव्हता. साधनाचा भेद हाच समाजाचा भेद झाला होता.

फासेपारध्यांची रीत अशी. गवतात जमिनीलगत खुंट्यांची लांब ओळ ठोकायची. प्रत्येक खुंटीला केसांच्या अथवा तातीच्या सरकगाठीचा फास बांधायचा. मग दूरवरून, बहुधा शिकवलेल्या बैलाच्या आडोशाने, सावकाश पुढे सरकत पक्ष्यांना त्या ओळीकडे वळवायचे. पक्षी उडाला तर डाव फसला; तो चालत राहावा यातच कसब. तित्तिरासाठी पिंजऱ्यातला पाळलेला नर ठेवून त्याच्या हाकेने रानातल्या नराला बोलावले जाई, आणि लाव्यासाठी तोंडाने त्याची शीळ घातली जाई. कोणत्या महिन्यात कोणती हाक चालते, नराची कोणती आणि मादीची कोणती, पिले बरोबर असताना पक्षी कसा चालतो, याचे ज्ञान आईबापांकडून मुलांकडे जात असे. गुजरातीशी नाते सांगणारी त्यांची घरची बोली, वऱ्हाडात मराठी आणि नर्मदाकाठी हिंदी, अशा तीन भाषांत हे ज्ञान वावरत होते. मात्र ते त्यांनी स्वतः यांपैकी कोणत्याही भाषेत लिहून ठेवले नाही.

३

लिखित परंपरेने या माणसाकडे कसे पाहिले, हे येथे पाहिले पाहिजे. भारतीय काव्याच्या जन्मकथेत पहिला श्लोक उच्चारला जातो तो एका निषादाला दिलेल्या शापाच्या रूपाने. क्रौंचाच्या जोडीतला नर त्याने मारला आणि वाल्मीकींचा शोक श्लोक झाला. ही कथा आपण काव्यशास्त्राच्या प्रत्येक वर्गात शिकवतो. त्या निषादाला त्या संध्याकाळी काय खायचे होते, हा प्रश्न त्या वर्गात विचारला जात नाही. करुणेचा हा आदर्श थोर आहे, यात वाद नाही. पण त्या करुणेच्या वर्तुळात पक्षी आहे, कवी आहे आणि पारधी मात्र वर्तुळाबाहेर आहे.

बौद्ध जातककथांत लाव्यांचा थवा येतो. संमोदमान जातकातला फासेवाला लाव्यांची हाक हुबेहूब काढून त्यांना एकत्र जमवतो आणि वरून जाळे टाकतो. पक्षी एकजुटीने जाळ्यासकट उडून जातात. पुढे त्यांच्यात भांडण लागते तेव्हा मात्र सापडतात. कथेचे तात्पर्य ऐक्याचे आहे. पण इतिहासाच्या अभ्यासकाला त्यातला तपशील अधिक मोलाचा वाटतो. तोंडाने हाक काढून लावे जमवण्याची जी रीत मध्य प्रांतातल्या पारध्यांत होती, तिची इतकी जुनी साक्ष येथे मिळते. चरकसंहितेने पक्ष्यांच्या मांसात लाव्याचे मांस श्रेष्ठ मानले आहे. ते वैद्याच्या सांगण्यावरून रोग्याच्या ताटात पडे, तेव्हा ते आणून देणारा कुणीतरी असणारच. बाराव्या शतकातील कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये लाव्यांच्या झुंजीचे स्वतंत्र प्रकरण आहे. जुन्या मराठीतील पद्यांचे अवशेष ज्या ग्रंथात सापडतात म्हणून मराठीचा अभ्यासक त्याच्याकडे वळतो, त्याच ग्रंथात झुंजीचा लावा राजवाड्यात पोचलेला दिसतो. त्याला रानातून पकडून आणणाऱ्याचा मात्र त्या वैभवात वाटा नाही.

मराठी धर्मवाङ्मयात हीच वृत्ती निराळ्या रूपाने दिसते. लीळाचरित्रात पारध्यांनी पाठलाग केलेला ससा श्रीचक्रधरांच्या आश्रयाला येतो आणि स्वामी त्याला अभय देतात. श्रीधरकवींच्या १७१८ मधील शिवलीलामृतातील व्याधाची कथा तर महाशिवरात्रीला घरोघरी वाचली जाते. बेलाच्या झाडावर रात्र काढणारा व्याध हरिणांच्या सत्यवचनाने पालटतो आणि उद्धरून जातो. संतकाव्यात पारधी हे काळाचे रूपक आहे. या सर्व ठिकाणी पारध्याला एकतर शाप मिळतो, नाहीतर पश्चात्तापानंतर मोक्ष. आपल्या धंद्यात राहून, आपल्या ज्ञानासह, माणूस म्हणून त्याने उभे राहावे अशी जागा परंपरेने त्याला दिलेली नाही. पुढच्या काळात कायद्याने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिची पूर्वतयारी आपल्याच वाङ्मयाने करून ठेवली होती, असे म्हणणे कठोर वाटेल. पण ते टाळता येत नाही.

४

आता भूमीच्या मालकीकडे वळू. गढा-मंडल्याचे गोंड राज्य १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांच्या हाती गेले आणि १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला. डिसेंबर १८१७ मध्ये इंग्रजांनी जबलपूर घेतले. पुढे सागर व नर्मदा प्रदेश म्हणून चाललेला हा भाग १८६१ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या मध्य प्रांतात समाविष्ट झाला. त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत जबलपूर आणि विदर्भ एकाच राज्याचे भाग होते, हे आज मराठी वाचकाला आठवण करून द्यावे लागते. पारध्यांच्या दृष्टीने तर ही सीमा कधीच नव्हती. वऱ्हाडातून सातपुडा ओलांडून नर्मदाकाठी आणि परत, असा त्यांच्या पालांचा फेरा असे.

इंग्रजांनी १८६० च्या दशकातील जमाबंदीत या भागात मालगुजारांना गावाचे मालकी हक्क दिले. गावाच्या पडीक जमिनीवर मालगुजाराची मालकी आणि गावकऱ्यांचा 'निस्तार', म्हणजे चराई, सरपण, गवत यांचा वापर, अशी ती व्यवस्था होती. गावातल्या रूढी 'वाजिब-उल-अर्ज' या दप्तरात लिहिल्या जात. या दप्तरांमुळे अनेक गोरगरिबांचे हक्क टिकले, हे मान्य केलेच पाहिजे. पण या व्यवस्थेचा एक अंगभूत दोष होता. हक्क नोंदवला जाई तो गावच्या रहिवाशाचा. जो कोणत्याच गावचा रहिवासी नाही, दरवर्षी आठ-पंधरा दिवस येऊन पाल टाकतो, लावे-तित्तिर धरतो, काही गावात विकतो आणि पुढे निघून जातो, त्याचा हक्क कोणत्या गावाच्या दप्तरात लिहायचा? पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट असूनही ती शंभर गावांत विखुरलेली होती. म्हणून ती एकाही गावात नोंदली गेली नाही. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, गावची पडीक जमीन सरकारकडे आली, आणि १९५९ च्या जमीन महसूल संहितेने निस्तारपत्रकाची व्यवस्था केली. पण हक्काचा आधार गाव हाच राहिला. भटक्याच्या पायाखालची जमीन दोनदा हस्तांतरित झाली आणि दोन्ही वेळा त्याला विचारण्याचे कारण कुणाला वाटले नाही.

राखीव जंगलांत परिस्थिती अधिक स्पष्ट होती. १८७८ च्या आणि नंतर १९२७ च्या वन कायद्यात नियमबाह्य शिकारीबरोबर सापळे आणि फासे लावणे हा गुन्हा म्हणून नमूद झाला. त्याच १८७८ सालच्या शस्त्र कायद्याने बंदूक परवान्याखाली आणली. बंदुकीचा परवाना साहेबाला, मालगुजाराला, वकिलाला मिळू शकत होता. फाशासाठी परवाना अशी कल्पनाच कुणाच्या मनात आली नव्हती.

५

या पार्श्वभूमीवर १८७१ हे साल लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी कॅप्टन जेम्स फोर्साइथ याचे 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी त्याचा मृत्यू झाला. मध्य प्रांताच्या पहाडी मुलखाची पाहणी करताना तो १८६२ मध्ये पचमढीच्या पठारावर गेला होता. सातपुडा, नर्मदाखोरे, तिथली अरण्ये आणि शिकार यांचे इतके जिवंत वर्णन करणारे दुसरे पुस्तक त्या पिढीत विरळाच. पुढच्या दशकात स्टर्नडेलचे शिवनी भागावरचे पुस्तक आले. १८७९ ते १८८१ या काळात ह्यूम आणि मार्शल यांचा भारतातील शिकारी पक्ष्यांवरचा तीन खंडांचा सचित्र ग्रंथ आला. पुढे राष्ट्रसभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारा अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम तो हाच. देशभरच्या निरीक्षकांकडून माहिती मिळवून त्याने पक्ष्यांच्या जातींची, त्यांच्या वस्तीची आणि विणीची नोंद केली. लाव्यांच्या सर्व जाती त्यात आल्या. हे काम शास्त्राच्या दृष्टीने मोलाचे आहे आणि त्याविषयी कृतज्ञच राहिले पाहिजे.

त्याच १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. आरंभी तो उत्तर हिंदुस्थानातल्या काही भागांपुरता होता; १९११ च्या कायद्याने तो सर्वत्र लागू करण्याची सोय झाली. जन्मावरून माणूस गुन्हेगार ठरवणारा, पालावरच्या प्रत्येकाची नोंद आणि हजेरी मागणारा हा कायदा ज्या जमातींवर बसला, त्यांत पारधीही होते. एकाच वर्षी एका शिकाऱ्याचे पुस्तक आणि भटक्यांना गुन्हेगार ठरवणारा कायदा निघाला, हा योगायोग असेल. पण त्या युगाचे अंतरंग त्याने नेमके प्रकट होते. हिंडणे हे एकाच्या बाबतीत साहस ठरले आणि दुसऱ्याच्या बाबतीत गुन्हा.

साहेबांच्या शिकारवाङ्मयात लाव्याचे स्थान गौण आहे. मोठ्या शिकारीच्या दोन दिवसांमधली मोकळी सकाळ, हरभऱ्याचे शेत, रान उठवणारी माणसे आणि दुपारी मोजलेले पक्षी, इतका त्याचा पसारा. १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्त्याचे लोहमार्ग जबलपूरला जुळले, छावणी वाढली, १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना आला. अशा शहराभोवतीच्या शेतांत हिवाळ्यातली लाव्यांची शिकार हा अधिकाऱ्यांच्या सुटीचा भाग झाला नसता तरच नवल. या वाङ्मयाने एक नीतिशास्त्रही रुजवले. उडत्या पक्ष्यावरच गोळी झाडावी, बसलेल्यावर झाडू नये, फाशाने धरणे हे हीनपणाचे. खेळाच्या दृष्टीने हा नियम ठीक आहे. परंतु ज्याला पोट भरायचे आहे त्याला खेळाचे नियम लावणे, हा न्याय नव्हे. नेमबाजाच्या हातून जखमी होऊन झुडपात मरणाऱ्या पक्ष्यांची मोजदाद त्या नीतिशास्त्रात नव्हती. फाशातला पक्षी जिवंत हाती येतो आणि नको असेल तर सोडून देता येतो, हेही त्या नीतिशास्त्राने विचारात घेतले नाही.

६

पक्ष्यांच्या संरक्षणाचे कायदे याच काळात आले. १८८७ च्या कायद्याने नगरपालिका आणि छावण्यांच्या हद्दीत विणीच्या हंगामात रानपक्षी बाळगण्यावर व विकण्यावर बंदी घालण्याचा अधिकार दिला. १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याच्या परिशिष्टात तित्तिर आणि लावे यांची नावे स्पष्टपणे आली. बंदीच्या हंगामात त्यांना मारणे, धरणे, विकणे वा विकत घेणे यासाठी पहिल्या गुन्ह्याला पन्नास रुपयांपर्यंत दंड ठेवला गेला. विणीच्या काळात पक्षी धरू नये, हे तत्त्व निर्विवाद योग्य आहे. पण समान शब्दांतला कायदा असमान माणसांवर कसा वेगळा पडतो, याचे हे उदाहरण आहे. शिकाऱ्याच्या दृष्टीने बंदीचा हंगाम म्हणजे बंदूक पुसून ठेवण्याचे दिवस. तो पक्षी विकतच नसल्याने विक्रीबंदीची त्याला झळ नव्हती. पारध्याच्या दृष्टीने तेच दिवस उपासाचे होते, आणि त्या काळच्या पन्नास रुपयांचा दंड म्हणजे कर्जाचा फास.

स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला आणि पारधी 'विमुक्त' झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला शिकारीच्या परवान्यांचे चार प्रकार होते. त्यांत लहान शिकारीचा एक आणि वन्य प्राणी सापळ्यांनी पकडण्याचा एक परवाना होता. म्हणजे कागदावर का होईना, फाशाला प्रथमच कायद्याच्या चौकटीत जागा मिळाली होती. पण अर्ज, शुल्क, पत्ता आणि कचेरी यांच्या पलीकडे असलेला तो परवाना पालावर पोचणे अवघड होते. १९९१ च्या दुरुस्तीने तो प्रश्नच निकालात निघाला. परवाने रद्द झाले आणि परिशिष्टांतल्या सर्व प्राण्यांच्या शिकारीवर बंदी आली. २०२२ च्या दुरुस्तीने परिशिष्टांची नव्याने मांडणी केली, तरी बंदी कायम आहे. आता शिकारी आणि पारधी कायद्यापुढे खऱ्या अर्थाने समान झाले. फरक एवढाच की, एकाने छंद गमावला आणि दुसऱ्याने उपजीविका.

या समानतेच्या काळातही त्याची ओळख नकाशावरच्या रेषांवर अवलंबून राहिली. महाराष्ट्रात पारधी व फासेपारधी अनुसूचित जमातींत आहेत. मध्य प्रदेशात मात्र १९७६ च्या सुधारणेनंतरच्या यादीत ही जमात विशिष्ट भागांपुरती नमूद झाली. जबलपूर जिल्ह्याच्या बाबतीत पाटण तहसील, सिहोरा आणि मझौली असे प्रदेश त्यात सांगितले गेले. फिरणे हाच ज्यांचा जीवनक्रम, त्यांची जमात तहसिलीच्या सीमेवर बदलावी, याहून अधिक विसंगत काय असू शकते?

७

बंदीने पक्षी वाचला का, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारला पाहिजे. लावा हा शेताच्या कडेचा आणि माळाचा पक्षी. कायद्याने त्याच्या शरीराला संरक्षण दिले, त्याच्या भूमीला दिले नाही. हवेलीतली पाणी कोंडण्याची शेती सोयाबीनच्या आगमनानंतर मागे पडत गेली. त्या पिकाच्या प्रसारात जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचाही वाटा होता. १९९० मध्ये पूर्ण झालेल्या बरगी धरणाने नर्मदाकाठचा मोठा प्रदेश पाण्याखाली नेला आणि दुसरीकडे सिंचन वाढवले. शेतकऱ्याला या बदलांतून काही लाभ झाला, हे नाकारता येत नाही. पण मोकळी पडलेली शेते, तणाचे बांध आणि न फवारलेले रान कमी झाले. त्यातच सरकारी भाषेत गवताळ माळाला 'पडीक' हे नाव पडले होते. १९८५ मध्ये पडीक जमिनींच्या विकासासाठी राष्ट्रीय मंडळ स्थापन झाले, आणि अशा जमिनींवर झाडे लावणे म्हणजे सुधारणा असा समज दृढ झाला. माळ हा स्वतःच एक भरलेला अधिवास आहे, हे पारध्याला ठाऊक होते. पण त्याच्या साक्षीला दप्तरात किंमत नव्हती.

त्याच्या ज्ञानाची पहिली गंभीर शास्त्रीय दखल माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी घेतली. महाराष्ट्रातील भटक्यांवरचा त्यांचा निबंध १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. नंदीवाले, वैदू आणि फासेपारधी हे एकाच मुलखात फिरत असले, तरी त्यांनी आपापसांत शिकार वाटून घेतली होती, असे त्यांनी दाखवले. नंदीवाले कुत्र्यांच्या साहाय्याने डुकरे, साळिंदर, घोरपडी धरत. फासेपारधी फाशांनी काळवीट, लावे, तित्तिर धरत. फाशात सापडलेली गाभण हरिणी आणि पाडस सोडून देण्याची पारध्यांची रूढीही त्यांनी नोंदवली. कायद्याने बंदीचा हंगाम घालण्यापूर्वीच मर्यादेचा एक नियम त्या समाजात होता, असा याचा अर्थ आहे. अर्थात, याचे अवास्तव गौरवीकरण करण्याचे कारण नाही. शहरांच्या बाजारपेठा जवळ आल्या तेव्हा जाळ्यांनी घाऊक पक्षी धरले गेले, आणि पुढे या समाजांतील काही टोळ्यांची नावे वाघांच्या चोरट्या शिकारीच्या खटल्यांतही आली. पण टोळीचा गुन्हा जमातीच्या माथी मारणे म्हणजे १८७१ चा कायदा मनात जिवंत ठेवणे होय.

दरम्यान बाजारात 'बटेर' मिळतच राहिली. ती मात्र पिंजऱ्यातली. जपानी लावा १९७४ मध्ये कॅलिफोर्नियातून इज्जतनगरच्या संशोधन संस्थेत आणला गेला आणि त्याचे पालन देशभर पसरले. ढाब्यावरच्या ताटात तोच असतो. रानातल्या लाव्याचा तो जवळचा नातलग. पण त्याला ना माळ माहीत, ना ऋतू. त्याला धरण्यासाठी कुणालाही शीळ येण्याची गरज उरली नाही.

८

मराठी वाङ्मयाने यात काय केले? व्यंकटेश माडगूळकरांनी बंदूक घेऊन रान तुडवले आणि हळूहळू निरीक्षकाची नजर मिळवली. त्यांच्या लेखनात शिकारीकडून निसर्गाकडे जाणारा हा प्रवास दिसतो. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यात आयुष्य घालवले आणि आदिवासींच्या व भटक्यांच्या तोंडची पक्ष्यांची नावे मराठीत आणून पक्षिकोश सिद्ध केला. जून २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ मध्ये आले, आणि पालावरच्या माणसाने स्वतः लिहिण्याची परंपरा मराठीत सुरू झाली. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले. पक्ष्याचे वाङ्मय आणि पालाचे वाङ्मय असे हे दोन प्रवाह समृद्ध आहेत. परंतु ते एकमेकांना क्वचितच भेटतात. पहिल्यात पारधी हा वाटाड्या म्हणून येतो. दुसऱ्यात पोलीस, भूक आणि जातपंचायत येते. पक्षी येत नाही. ज्या ज्ञानामुळे पारधी हा पारधी होता, ते या दोहोंच्या मधल्या जागेत हरवण्याच्या बेतात आहे.

ते पूर्णपणे हरवलेले नाही, याच्या काही खुणा आहेत. पन्ना व्याघ्र प्रकल्पात २००९ मध्ये एकही वाघ उरला नसल्याचे मान्य झाले होते. त्यानंतरच्या काळात त्या परिसरातील पारधी तरुण वाटाडे झाले आणि पर्यटकांना पक्ष्यांच्या हाका ऐकवू लागले. अकोला-वाशीम भागात फासेपारध्यांच्या सहभागाने माळ आणि तणमोर राखण्याचे प्रयत्न झाले आहेत. पुन्हा फासे लावू द्यावेत, अशी मागणी यातून निघत नाही. आजच्या विरळ माळांवर ती रास्तही ठरणार नाही. प्रश्न वेगळा आहे. समाजाने कायद्याने एक व्यवसाय बंद केला, तर त्या व्यवसायाने जपलेले ज्ञान नोंदवून ठेवण्याची आणि त्या माणसांना भूमीच्या राखणीत वाटा देण्याची जबाबदारीही त्याच समाजावर येते. पहिले काम आपण पार पाडले. दुसरे बहुतांशी बाकी आहे.

साहित्याच्या अभ्यासकाकडे यातला एक भाग निश्चितपणे येतो. गॅझेटिअर, जनगणनेचे अहवाल, निस्तारपत्रके, शिकाऱ्यांच्या आठवणी आणि जातककथा ही सर्व एकाच विषयाची साधने म्हणून एकत्र वाचली पाहिजेत. लाव्याला आणि तित्तिराला पारधी बोलीत काय म्हणतात, त्यांच्या कोणत्या हाकेला कोणते नाव आहे, फाशाच्या कोणत्या गाठीला कोणता शब्द आहे, हे जाणणारी पिढी आता वृद्ध आहे. हिरालालांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी या समाजाची नावे आणि रीती लिहून घेतल्या, त्या बाहेरून. आज तेच काम त्यांच्या मुलांच्या हातून, त्यांच्या बोलीत आणि नंतर मराठीत व हिंदीत होऊ शकते. 'पारध' हा शब्द कोशात राहीलच. त्याच्यापुढे अर्थ लिहिताना यापुढे केवळ पापाची वाढ लिहायची की एका विद्येचे नाव, हे मात्र अजून आपल्या हाती आहे.